कोंबडीचं पोट फुगलंय, बदकावानी चालायली. काय असंल आन काय करावं?

मांजराकाठ (सोमवार, रात्री ९:२०)

नमस्कार सगळ्यांना. मी केज तालुक्यातली, आम्ही शेतात वस्तीवर राहतो, ११ कोंबड्या आन १ कोंबडा हाय. त्यातली एक कवडी नावाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके म्हणून कवडी. तीन वर्षाखाली पिल्लं इकणारी गाडी आल्ती त्या गाडीवरून घेतलेली, म्हणजे पक्की गावरान नाही, पण अंडी लै दिली तिनं, पहिल्या दोन वर्षात जवळजवळ रोजच.

आता झालंय असं की तीन आठवड्यापासून अंडं बंद. आधी वाटलं खुडूक झाली आसंल, पण बसंना बी. आन पंधरा दिवसापासून पोट खाली लटकायलंय, पाय फाकवून बदकावानी चालायली, छाती वर करून उभी राहती. बाकीच्या उकिरड्यावर उकरायला गेल्या की ही मागं राहती आन लिंबाखाली बसती. आज तिन्हीसांजला खुराड्यात घालताना उचलली तर काळजात धस्स झालं, दुधाची भरलेली पिशवी हातात घ्यावी तसं पोट डुचमळलं. खालची पिसं गळलीत, कातडी लालभडक आन गरम लागती. खाती थोडं थोडं, पाणी मातर लै पेती.

सासूबाई म्हणत्यात पोटात अंडी साठलीत, एरंडेल पाज. मला काही सुचंना. कुणाला अनुभव हाय का? कवडी पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलीय, तिला कापायचं मनात बी नाही.

---

आखाड्यावरून (सोमवार, रात्री ९:४८)

ताई, एरंडेल पाजू नका, माझ्याकडं एका कोंबडीला पाजलं होतं तर हगवण लागून दोन दिवसात गेली. पोटात पाणी झालं आसंल. आमच्या हिंगोलीकडं याला पोटात पाणी भरलं असंच म्हणतेत. माह्याकडं ४० गावरान हायेत, सा-सात वर्षात असं दोनदाच बघितलं, दोन्ही वेळेस कोंबडी वाचली नाही, खोटं कशाला सांगू. पण दोन्ही वेळेस मी लै उशिरा बघितलं होतं.

---

सरळबोल (सोमवार, रात्री १०:०५)

तीन वर्षाची कोंबडी, अंडी बंद. आजारी पडायच्या आत कापून खाल्ली असती तर बरं झालं असतं. अजून बी उशीर नाही.

---

मांजराकाठ (सोमवार, रात्री १०:११)

दादा तुमचं म्हणणं असंल, पण मी वर लिहिलंय. तिला बरं करायचं बघायलेय, नाहीच झालं तर निदान त्रास कमी व्हावा.

---

ढोरडाक्टर (सोमवार, रात्री १०:५२)

ताई, आधी सरळबोल यांना सांगतो, आजारी कोंबडी खाऊ नये. ते पोटातलं पाणी कशामुळं हाय ते बाहेरून कळत नाही, आन पू असंल नाहीतर औषध चालू केलेलं असंल तर ते मटण माणसानं खायचं नसतंय.

मी परभणीकडं जनावरांची प्रॅक्टिस करतो, गाई म्हशी शेळ्याच जास्त, पण कोंबड्या बी बघतो. एक गोष्ट पहिली ध्यानात घ्या, पोट फुगणं हा रोग नाही. ताप आला म्हणलं की जसं मलेरिया का टायफॉइड ते बघावं लागतंय तसंच हाय हे. कोंबडीचं पोट पाच-सहा कारणानं फुगतंय आन प्रत्येकाचा इलाज येगळा. एकाला जे लागू ते दुसरीला घातक, म्हणून आधी हातानं तपासा.

उद्या पहाटे उजाडायच्या आत खुराड्यातूनच काढा, त्या टायमाला कोंबडी शांत असती. डाव्या काखेत धरायची, तोंड तुमच्या पाठीकडं, शेपूट पुढं. उजव्या हाताचा तळवा पोटाखाली, शेपटीच्या खाली जी जागा हाय तिच्यापासून पुढं पायांच्या मधोमध. दाबायचं नाही, नुसतं तोलून धरायचं. आन लगेच दुसरी एक धडधाकट कोंबडी तशीच धरायची. हे लोक करत नाहीत आन मग अंदाज चुकतोय. चांगल्या कोंबडीचं पोट कसं लागतंय ते हाताला म्हाईत पाहिजे.

आता काय लागतंय ते बघा. एखादा टणक गोळा, लिंबाएवढा नाहीतर अंड्याएवढा, शेपटीच्या जवळच, आन कोंबडी सारखी कुंथायली, पंख पाडून बसलीय, तर अंडं अडकलंय. ते आजच्या आज बघायचं काम हाय, २४ ते ४८ तासात कोंबडी जाऊ शकती. पण तुमची पंधरा दिवसापासून चालती फिरती हाय म्हणल्यावर ते नसावं.

फुग्यात पाणी भरल्यावानी डुचमळतंय, एका बाजूला टिचकी मारली की दुसऱ्या हाताला लाट लागती, तर पाणी.

मऊ पण कणकेच्या गोळ्यावानी, डुचमळत नाही, आन कोंबडी बाकी झकास हाय, तर चरबी.

कणकेवानी पण मधी गाठी गाठी, दाबलं की कोंबडीला दुखतंय, मागची पिसं पिवळ्या घाणीनं माखलेली, तर अंडनळीत पू नाहीतर पोटात बलक पडलेला.

अजून एक, छातीचं मधलं हाड चाचपा. ते चाकूवानी टोकदार लागलं तर कोंबडी वाळायली हाय आन वजन जे वाटतंय ते पोटातल्या पाण्याचं हाय. सकाळी उपाशीपोटी पिशवीत घालून वजन करा आन लिहून ठेवा. तुऱ्याचा रंग बी सांगा, लाल, पांढुरका का जांभळा.

---

लेअरवाला_जालना (मंगळवार, सकाळी ६:३०)

डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलं. माझा छोटा लेअर फार्म हाय, मी एवढंच सांगतो की हा त्रास जास्त अंडी देणाऱ्या जातीतच का येतोय. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देती, थोडी घालती, खुडूक बसती, पिल्लं फिरवती, म्हणजे तिच्या अंडाशयाला मधी आराम मिळतोय. आमच्या पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास जाती. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत २४ ते २६ तास लागतेत, त्यातले २० तास तर नुसतं कवच चढायला, आन ते अंडं पडलं की अर्ध्या पाऊण तासात दुसरा बलक सुटायला तयार. हे दोन-दोन वर्ष चालू. गाडीवरची पिल्लं बऱ्याचदा अशाच क्रॉसची असतेत. आम्ही तर ७०-८० आठवड्याला बॅच काढून टाकतो म्हणून आम्हाला हे कमी दिसतंय, घरी तीन-चार वर्ष ठेवणाऱ्याला जास्त दिसतंय.

---

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ७:४०)

पहाटे पाचला उठून बघितलं. आमचे हे बॅटरी धरून उभे होते.

कवडीचं पोट पाण्यावानीच लागतंय, टिचकी मारली तर खरंच लाट पोचती दुसऱ्या हाताला. टणक काही नाही. पण उजव्या अंगाला लै फुगलंय, डाव्या अंगाला खोल कायतरी घट्ट लागल्यावानी झालं, खरं खोटं माहीत नाही. तिची बहीण म्हणून त्याच गाडीवरची तांबडी कोंबडी धरून बघितली, तिचं पोट कसं मऊ आन रिकामं, आत बोटं जातेत. वजन कवडीचं २ किलो ७०० आन तांबडीचं १ किलो ९००. छातीचं हाड डॉक्टरसाहेब तुम्ही म्हणले तसंच, कवडीचं चाकूच्या पात्यावानी लागलं. मला रडूच आलं, एवढी जड कोंबडी आन अंगावर मांस काहीच नाही.

तुरा पांढुरका, टोकाला थोडा जांभळट. शीट पातळ, हिरवट पांढरी. मागची पिसं माखलेली हायेत.

---

उदगीरकर (मंगळवार, सकाळी ८:१५)

तुरा जांभळा म्हणल्यावर बर्ड फ्लू तर नसंल ना? आमच्या उदगीरात जानेवारी २०२५ ला कावळे पटापट पडले होते तवापासून जीव धाकधूक करतोय. बाकीच्या कोंबड्या येगळ्या करा ताई.

---

ढोरडाक्टर (मंगळवार, सकाळी ९:०२)

उदगीरकर, तुमची भीती रास्त हाय पण हे ते नाही. बर्ड फ्लूत कोंबडी तीन आठवडे रेंगाळत नाही. जानेवारी २०२१ ला आमच्या परभणी तालुक्यात मुरुंब्याला शेकडो कोंबड्या बघता बघता मेल्या, ते चित्र येगळं असतंय. एकदम मरतूक, तोंड डोकं सुजलेलं, तुरा निळा काळा, पायावर रक्ताळलेले ठिपके. तसं काही दिसलं, दोन-चार कोंबड्या एका दिवशी पडल्या, तर हात न लावता लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. इथं एकच कोंबडी हाय आन ती हळूहळू फुगलीय. तुरा जांभळट झालाय ते पाण्यानं फुफ्फुसाच्या पिशव्या दाबल्यामुळं. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटातला पडदा नसतोय, पोटात पाणी वाढलं की श्वासाला जागा राहत नाही.

ताई, तुम्ही फार चांगलं तपासलं. पाणी हाय हे नक्की. ते कशानं, ते आता बघावं लागंल. एक म्हणजे बलक पोटात पडणं. कोंबडीला अंडाशय एकच कामाचं, डाव्या अंगाचं. पिकलेला बलक सुटला की अंडनळीचं तोंड नरसाळ्यावानी पुढं येऊन तो झेलतंय. नळीला सूज असंल नाहीतर पू भरून नळी बुजली असंल तर बलक झेलला जात नाही, बाहेर पोटात पडतोय, तिथं जंतू वाढतेत, सूज येती, पाणी सुटतंय. तुम्ही म्हणताय डाव्या अंगाला खोल घट्ट लागतंय आन अंडी एकदम बंद झाली, म्हणून मला याचा जास्त संशय हाय. दुसरं म्हणजे अंडाशयाची गाठ, कॅन्सर. दोन वर्ष ओलांडलेल्या, जास्त अंडी दिलेल्या कोंबडीत हे लै दिसतंय, इतकं की माणसाच्या अंडाशयाच्या कॅन्सरचा अभ्यास कोंबडीवर करतेत. तिसरं यकृत, बुरशी आलेलं धान्य खाऊन खराब झालेलं. चौथं हृदय, ते ब्रॉयलरमधी जास्त.

घरी सुई घालून पाणी काढायचं नाही. व्हिडिओ लै हायेत, लोक बघून करतेत. एकदम सगळं पाणी काढलं की कोंबडी शॉकमधी जाऊन हातातच मरती, आन सुई जागा चुकली तर आतडं नाहीतर यकृत फुटतंय. जवळच्या दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ ला फोन लावून फिरता दवाखाना तुमच्याकडं येतोय का विचारा.

तोवर एवढं करा. येगळं ठेवा, डालग्याखाली नाही, जागा मोकळी पाहिजे, खाली मऊ भुसा, सावली, वारं. आडवं करून, उलटं करून धरू नका, पाणी छातीवर येतंय आन श्वास कोंडतोय. पाणी तोडायचं नाही, ती तहानलेलीच असती. मीठ असलेलं शिळं अन्न, शेव, फरसाण, पापड बंद. पोट चोळायचं नाही.

---

पिवळी_ज्वारी (मंगळवार, दुपारी १:३०)

मधीच विचारते माफ करा, नांदेडहून लिहायले. हा धागा वाचून मी पण आत्ता माझी कोंबडी तपासली, तिला टणक गोळा लागायलाय!! एक वर्षाची तलंग हाय, दुसराच हंगाम. सकाळपासून डबड्यात जाऊन बसायली, उठायली, परत बसायली, शेपूट खालीवर करायली आन अंडं नाही. काल कवच नसलेलं मऊ अंडं घातलं होतं. काय करू लवकर सांगा. इथं ४२ डिग्री ऊन हाय, दवाखाना चारला उघडतोय.

---

ढोरडाक्टर (मंगळवार, दुपारी १:४१)

अंडं अडकलंय. घाबरू नका, वेळेत हाय.

टपात कोमट पाणी घ्या, आपल्या कोपराला सोसवंल एवढं, जास्त कढत नाही. कोंबडीचं पोट बुडंल एवढं पाणी, तोंड वर. २० ते ३० मिनिटं तशीच धरून बसवा, पहिल्यांदा फडफडंल, मग डोळे मिटून घेती. नंतर पुसून कोरडी करून अंधाऱ्या शांत खोलीत, खोक्यात ठेवा. हातात ग्लोव्ज घालून बोटाला खोबरेल तेल लावून मागच्या जागेच्या कडेला आतून हळूच फिरवा, एक पेराच्या वर नाही. अंडं ओढायचं नाही, बाहेरून दाबून ढकलायचं नाही, आन काही झालं तरी आत फोडायचं नाही. कवचाच्या धारेनं नळी फाटती.

काल मऊ अंडं म्हणजे कॅल्शियम कमी पडलंय. नळी आवळून अंडं बाहेर ढकलायला बी कॅल्शियमच लागतंय, म्हणून मेडिकलवर कोंबड्याचं लिक्विड कॅल्शियम मिळतंय ते बाटलीवरच्या मापानं चोचीच्या कडेनं थेंब थेंब पाजा. एकदम ओतू नका, श्वासनळीत जातंय. चारपर्यंत पडलं नाही तर दवाखान्यात न्या, इंजेक्शन लागंल.

---

पिवळी_ज्वारी (मंगळवार, दुपारी ३:५०)

पडलं!!! दोनदा पाण्यात बसवली. दुसऱ्यांदा काढून न्हाणीघरात अंधारात खोक्यात ठेवली, पाऊण तासानं खुडूखुडू आवाज आला म्हणून डोकावले तर अंडं पडलेलं, वरून खरखरीत, दाणेदार कवच, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. कोंबडी उठून पाणी प्यायली आन पिसं झटकायली. डॉक्टर साहेब तुमचे पाय धरावे वाटायलेत. माझे हात अजून थरथर करायलेत.

---

आखाड्यावरून (मंगळवार, दुपारी ४:२०)

लै बेस झालं ताई. उन्हाळ्यात हे होतंच. कोंबडीला घाम नसतोय, चोच उघडून धापती, खाणं बी अर्ध्यावर येतंय, मग कवच पातळ. मी एप्रिल-मे मधी खुराड्यावर ओले बारदान टाकतो आन दाणे पहाटे आन दिवस मावळताना टाकतो, दुपारी काहीच नाही. अंड्याची टरफलं तव्यावर भाजून चुरून येगळ्या परळात ठेवतो, जिला पाहिजे ती खाती.

---

लेअरवाला_जालना (मंगळवार, सायंकाळी ५:१०)

टरफलं चांगलीच, पण तेवढ्यावर भागत नाही. एका कवचातच २ ग्रॅम कॅल्शियम जातंय, रोज अंडं देणारीला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत पाहिजे, खाल्लेलं सगळंच अंगी लागत नसतंय. शिंपल्याचा चुरा नाहीतर मार्बल ग्रिट पोल्ट्री खाद्याच्या दुकानात स्वस्तात मिळतंय. येगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात कालवू नका, का की कोंबड्याला आन लहान पिल्लाला जास्त कॅल्शियमनं मूत्रपिंडाचा त्रास होतोय. आन नुसत्या ज्वारी-मक्यावर कोंबडी ठेवली की चरबी चढती, यकृतावर बी चढती, उन्हाळ्यात अशी लठ्ठ कोंबडी एका झटक्यात जाती. अजून एक आपल्या भागातलं म्हणून सांगतो, घरी सोयाबीनचे कट्टे पडलेले असतेत म्हणून कच्चं सोयाबीन टाकू नका. कच्च्या सोयाबीनमधला घटक पचनच अडवतोय. पेंड चालती, कारखान्यात ती तापवलेली असती. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरशीचा मका, हे तर माणूस खाईना म्हणून कोंबडीला टाकतेत आन तेच यकृत खातंय.

---

मांजराकाठ (बुधवार, रात्री ८:३५)

आज सगळा दिवस गेला कवडीत. पहिल्या दवाखान्यात गेलो तर तिथले म्हणले ५०० रुपयाच्या कोंबडीसाठी कशाला येता बाई, कापा की. मी काही बोलले नाही पण लै लागलं मनाला. पोरगी सोबत होती, टोपलीत कवडी, ती सगळ्यांपुढं रडायली. मग एकानं दुसरा दवाखाना सांगितला, तिथं एक मॅडम होत्या, वयानं लहानच, पण त्यांनी अर्धा तास दिला.

त्यांनी कवडीला उभंच धरायला लावलं मला, पोटाची खालची पिसं बाजूला करून स्पिरिट लावलं आन उजव्या अंगाला खालच्या बाजूनं सुई घातली. उजवीकडूनच का म्हणून विचारलं तर म्हणल्या अंडनळी डावीकडं असती. आधी सिरिंजमधी थोडं ओढून बघितलं. पाणी पिवळं, गढूळ, त्यात शिजलेल्या बलकाचे बारीक कण असावेत तसे तरंगायलेले, वास बी मारायला. म्हणल्या पाणी स्वच्छ, फिकट पिवळं असतं तर हृदय, यकृत नाहीतर गाठ म्हणलं असतं, हे बलकाचंच दिसतंय. मग हळूहळू, थांबत थांबत, ३०० मिली काढलं. आत अजून होतं पण म्हणल्या आज एवढंच. काढता काढता कवडीची मान ढिली झाली तशी त्यांनी लगेच थांबवलं, पाच मिनिटं तशीच धरली, मग परत मान वर केली तिनं.

अँटिबायोटिकचं आन दुखण्याचं इंजेक्शन दिलं, पाच दिवसाचं औषध दिलं. मला कोपऱ्यात घेऊन सरळ सांगितलं की ताई ही पूर्ण बरी होईल असं मी सांगत नाही, नळीत पू घट्ट बसला असंल तर औषध तिथवर पोचत नाही. पण श्वास मोकळा होईल, थोडे दिवस सुखाचे जातील. परत लगेच फुगली, खाणं सोडलं, तर आणा, मग तिला त्रास न होता सोडवायचं का ते आपण बघू. मला ते ऐकायला जड गेलं पण बाई खरं बोलल्या.

घरी आल्यावर कवडीनं ज्वारी आन कोथिंबीर खाल्ली. पंधरा दिवसात पहिल्यांदा मान पंखात घालून झोपली आज, नाहीतर चोच उघडी ठेवून बसायची.

---

ढोरडाक्टर (बुधवार, रात्री ९:१५)

मॅडमनी सगळं नीट केलं आन खरं सांगितलं. पाच दिवसाचं औषध पाचही दिवस द्या, दुसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून सोडू नका. तिनं चुकून अंडं घातलं तरी खाऊ नका, औषध संपल्यावर किती दिवस खायचं नाही ते मॅडमलाच विचारा. आन कुणी स्वतःच्या मनानं मेडिकलवरून पावडर आणून पाण्यात टाकू नका. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाणाऱ्या जनावरांना आन कोंबड्यांना द्यायला बंदी हाय.

---

सरळबोल (गुरुवार, सकाळी ७:००)

ताई, मी परवा तोडून बोललो. माफ करा. बरी होवो कोंबडी.

---

मांजराकाठ (सतरा दिवसांनी, रविवार, दुपारी १२:१०)

सगळ्यांनी विचारलं होतं म्हणून लिहायलेय.

पहिले बारा दिवस कवडी लै चांगली होती. वजन २ किलो १०० वर आलं होतं, बाकीच्यांसोबत उकिरड्यावर जायली, धुळीत लोळली एक दिवस. तेराव्या दिवसापासून परत फुगायला लागली. पुन्हा मॅडमकडं नेली, या वेळेस पाणी कमी निघालं, १०० मिलीच, आन घट्ट. काल सकाळी दाणे टाकले तर उठली नाही. पोरगी मांडीवर घेऊन बसली होती, मी दवाखान्यात न्यायला टोपली काढेपर्यंत गेली.

मी मॅडमना फोन करून विचारलं, बघता का उघडून, बाकीच्या दहा कोंबड्यांसाठी कळावं म्हणून. म्हणल्या आणा, पण पाण्यानं भिजवून प्लास्टिकमधी गुंडाळून, बर्फ घालून आणा, उन्हात सडंल. नेली. अंडनळीत मोसंबीएवढा पिवळा गोळा निघाला, रबरावानी, कापला तर कांद्यावानी थरावर थर. त्यांनी सांगितलं हा पू आन बलक साठत साठत झालेला, लै महिन्यापासूनचा. पोटात आतडी एकमेकाला चिकटलेली. यकृत बरं होतं, गाठ कुठं नव्हती. म्हणजे डाव्या अंगाला खोल घट्ट लागलं होतं मला त्या पहाटे, ते हेच होतं.

बांधावर लिंबाखाली पुरली, चुना टाकून, कुत्र्यानं उकरू नये म्हणून कंबरेएवढा खड्डा केला यांनी.

---

आखाड्यावरून (रविवार, दुपारी १२:४५)

वाईट वाटलं ताई. पण एकोणीस दिवस दिले तुम्ही तिला, त्यातले बारा तर चांगले गेले. मी तेवढं बी केलं नव्हतं.

---

पिवळी_ज्वारी (रविवार, दुपारी १:२०)

लै वाईट झालं ताई. पोरीला सांभाळा.

एक विचारायचं होतं, हे बाकीच्या कोंबड्यांना लागतंय का? माझी ती तलंग चांगली हाय, शिंपल्याचा चुरा ठेवल्यापासून कवच बी गुळगुळीत यायलंय.

---

ढोरडाक्टर (रविवार, सायंकाळी ६:३०)

मांजराकाठ ताई, उघडून बघायला नेली हे लै मोठं काम केलं तुम्ही, फार कमी लोक करतेत. ज्यांना जवळ कुणी बघणारं नाही त्यांच्यासाठी परभणी आन उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हायेत, तिथं मेलेला पक्षी ताजा नेला तर तपासून देतेत.

हे सर्दीवानी एकीचं दुसरीला लागत नाही. पण जंतू बहुतेक शिटेतलेच असतेत, खालून नळीत वर चढतेत. म्हणून अंडी घालायच्या डबड्यात रात्री झोपू देऊ नका, झोपल्या की तिथंच हागतेत आन सकाळी त्याच्यावरच अंडी घालतेत. बसायला दांडी डबड्यापेक्षा उंच करा, कोंबडी उंच जागाच धरती. भुसा आठवड्याला बदला. आन महिन्यातून एकदा सगळ्या एक एक करून हातात घ्या, पोट, छातीचं हाड आन मागची पिसं बघा.

---

मांजराकाठ (रविवार, रात्री ९:०५)

आमची डबडी वर होती आन दांडी खाली, म्हणून सगळ्या डबड्यातच झोपायच्या. आज यांनी दांडी दोन हात वर बांधली, डबड्यातलं जुनं सगळं काढून ऊन दाखवून गव्हाचा नवा भुसा घातला. आत्ता बॅटरी घेऊन बघून आले, नऊ दांडीवर बसल्यात, तांबडी एकटी अजून डबड्यात हाय. तिला उचलून वर ठेवली तर परत खाली उतरली. उद्यापासून दिवस मावळला की डबड्यावर बारदान टाकून बंद करणारे, पहाटे काढणारे.

तांबडीचं वजन केलं, १ किलो ९००, तेव्हा होतं तेवढंच. पोट मऊ हाय. हाड भरलेलं हाय. पोरीनं वहीत लिहून ठेवलंय, पुढल्या महिन्याच्या तारखेसकट.